मशीन बंद पडलं नव्हतं

मशीन बंद पडलं नव्हतं. चांगलं चालू होतं. आमच्या पुढची माणसं एकामागून एक त्यातून गेली आणि मागचीही गेली. हे माहीत असलेली दोनच माणसं होती, मी आणि माझे व्याही. व्याही या महिन्यात वारले. परवा त्यांच्या दहाव्याला खुटबावला गेले होते. तिथं माझ्या लेकीनं जमलेल्या बायकांना पुन्हा तीच गोष्ट सांगितली. माझ्या बाळंतपणाला आई विमानानं आली, पण विमानतळावरचं मशीनच बंद पडलं, आई आत अडकली. सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढी वर्षं असाच होकार देत आले आहे. घरी निमोण्याला आल्यावर मात्र फार थकल्यासारखं वाटलं. नातवाच्या मागच्या वर्षीच्या वहीत पानं उरली होती, ती घेऊन बसले आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं वडिलांच्या मेंढरांमागं गेले. लिहायची सवय नाही, पण लिहिता येतं.

लेकीला दिवस गेले तेव्हा ती आखातात होती. जावई तिथल्या एका कंपनीत एसीच्या कामावर सुपरवायझर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलं. मी सातव्या महिन्यापासून माळवदाची खोली सारवून ठेवली होती. पण तिचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरनं विमानात बसायचं नाही असं सांगितलं. शिरूरला बाजाराच्या दिवशी आम्ही फोनच्या बूथवर जायचो. त्या दिवशी ती फोनवर रडली.

"आई, तू ये. मला बाकी काही नको. मला आत नेतील तवा तू डोक्याशी पाहिजेस."

मी म्हणाले, "येते."

एवढंच बोलले. लेक झाली तेव्हा माझी आई माझ्या डोक्याशी बसली होती. दोन्ही खांदे धरून बसली होती, रात्र उलटून दिवस वर येईस्तोवर. तिचे हात कसे गरम होते ते मला अजून आठवतं. लेकीला मी ते कधीतरी सांगितलं असणार, त्याशिवाय ती डोक्याशी म्हणाली नसती.

आमच्या मालकांना दम्याचा त्रास. घरी चार गाई. ते जाणार नव्हतेच. लेकीच्या सासूबाई दोन वर्षांमागं गेलेल्या. मग असं ठरलं, की मी आणि लेकीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, असे दोघांनी जायचं. त्यांना लेकाला बघायचं होतं, मला लेकीचं करायचं होतं. जावयानं दोघांचे कागद एकदम पाठवले.

मला हे जड गेलं. व्याह्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता. समोरासमोर बोलणंसुद्धा नाही. काही सांगायचं झालं तर मी भिंतीकडं बघून म्हणायची, "पाव्हण्यांना च्या देऊ का, इचारा." आणि मालक विचारायचे. लग्न ठरल्यापासून सहा वर्षं असंच चाललं होतं. व्याहीही तसेच, वाकडा शब्द नाही, वर नजर नाही. आता एकदम शेजारी बसून समुद्रापलीकडं जायचं.

मालक म्हणाले, "अगं, इमानात कोण बघतंय? तितं समदे झोपत्यात."

पासपोर्टाचा फोटो शिरूरच्या स्टुडिओत काढला. तो फोटोवाला वैतागला होता.

"मावशी, पदर मागं घ्या. कान दिसू द्या. अहो, खाली काय बघताय? खाली काय पडलंय का?"

दुकानात मालकांशिवाय कुणी नव्हतं, तरी मला मान वर करायला चार फोटो लागले. चौथ्यातसुद्धा डोळे अर्धेच उघडलेत. तो म्हणाला, "चालंल. सरकार काय तुम्हाला बघायला येणार न्हाई."

डिंकाचे लाडू केले. जावयाचा फोन आला, की लाडवात खसखस घालू नका, तिकडं खसखस धरतात, तुरुंगात टाकतात. लाडू तर झालेले. ते शेजारपाजारी वाटले आणि परत बिनखसखशीचे केले. बाळगुटीच्या मुळ्या, जुन्या लुगड्याची दुपटी, शेंगदाण्याची चटणी, सगळं बांधलं. लेकीला बारा दिवस बाकी होते. म्हणजे मी वेळेत पोचणार होते.

व्याही खुटबावहून एसटीनं शिरूरला आले, नवं धोतर, नवी टोपी. त्यांना बाजारात एक जण भेटला होता, आखातात दोन वर्षं राहून आलेला. त्यानं त्यांना एक युक्ती सांगितली होती, ती त्यांनी आमच्या मालकांना मोठ्यानं सांगितली, म्हणजे मलाही ऐकू यावी.

"तितला सायब काय बी इचारू द्या, यस म्हणायचं. न्हाई म्हणलं की बाजूला घेत्यात, मग दिस दिस सोडत न्हाईत. यस म्हणायचं आन् फुडं सरकायचं."

"आन् कळलंच न्हाई तर?" मालक म्हणाले.

"कळलं न्हाई तरी यस."

दोघं हसले. मीही पदराआड हसले.

विमान सकाळी उतरलं. व्याह्यांनी वाटेत फक्त दोनदा तोंड उघडलं होतं, एकदा "राम राम" म्हणाले आणि एकदा पट्टा कसा सोडायचा ते विमानातल्या पोरीला विचारलं. मी माझ्या खिडकीतून ढग बघत होते. लेकीकडं पोचल्याशिवाय काही खायचं नाही असं मी ठरवलं होतं. देवाला काही बोललेले नव्हते, आपलं आपलंच ठरवलं होतं.

आत मोठी थंड जागा. फरशी अशी, की आपलं प्रतिबिंब आपल्यापुढं चालतं. ओळीत उभं राहिलो. पुढं माणूस बसलेला नव्हता, मशीन होतं. नवीनच बसवलेलं असावं, कारण शेजारी एक काळ्या झग्यातली बाई सगळ्यांना दाखवायला उभी होती. पासपोर्ट एका खाचेत ठेवायचा. मग छातीएवढ्या खांबावर काळी काच होती, तिच्यापुढं तोंड न्यायचं आणि डोळे उघडे ठेवून बघायचं. डोळ्यांचा फोटो निघतो. हिरवा दिवा लागला की काचेची झडप बाजूला होते आणि माणूस पलीकडं. माणसं पाच मोजायच्या आत जात होती. पलीकडं सामान, त्यापलीकडं दार, दाराबाहेर जावई. तो आमच्या नावाचा पुठ्ठा घेऊन उभा राहणार होता.

ओळीच्या तोंडाशी पांढऱ्या झग्यातला एक तरुण साहेब होता. तो माणसं वेगळी करत होता, एकटी इकडं, बायका-पोरं असलेली तिकडं. त्यानं व्याह्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोट दाखवून म्हणाला, "वाईफ?"

व्याही म्हणाले, "यस."

मला वाईफ म्हणजे काय ते माहीत होतं. चौथीत इंग्रजी नव्हती, पण पंचायतीत, बँकेत, सगळीकडं तो शब्द ऐकलेला. गावातली पोरंसुद्धा आता बायकोला वाईफच म्हणतात. व्याह्यांना माहीत होता की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी नीट ऐकलंसुद्धा नसावं, त्या माणसाची युक्ती तेवढी डोक्यात होती. मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. नुसतं "नो" म्हणायचं होतं. पण नो म्हटलं तर व्याह्यांना कळणार, की ते मला काय म्हणाले. आणि मला ते ऐकू आलं हेही कळणार. मला वाटलं, धरणी उघडेल तर बरं. मी पदर पुढं ओढला आणि गप्प राहिले.

साहेबानं आम्हाला एकाच मशीनपुढं उभं केलं. जोडीनं.

व्याह्यांचं लगेच झालं. टोपी काढली, डोळे वटारले, हिरवा दिवा. पण ते पुढं गेले नाहीत, माझ्यासाठी अलीकडंच थांबले. माझ्या खांद्याशी, हातभर अंतरावर.

मी तोंड पुढं नेलं. मशीनमधून बाईचा आवाज आला. काळ्या झग्यातली बाई म्हणाली, "ऊपर देखो."

मी वर बघितलं असं मला वाटलं. लाल दिवा.

"अम्मा, आंख खोलो. पूरा खोलो."

तिनं माझा पदर बोटानं मागं सारला. व्याही तिथंच उभे. मी पदर परत पुढं घेतला, विचार न करता, हातानंच घेतला. लाल दिवा. तिनं स्वतःच्या पापण्या दोन बोटांनी ताणून दाखवल्या. मी पापण्या उचलल्या, पण नजर खाली जायची. व्याह्यांच्या चपला दिसत होत्या, अंगठ्याजवळ शिवलेल्या. पुन्हा लाल. मागची माणसं कुरकुरायला लागली. कितीदा झालं ते मोजलं नाही. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती म्हणाली, आता होणारच नाही.

मग खिडकीवरच्या माणसाकडं नेलं. त्यानं दोन्ही पासपोर्ट उघडले. व्याह्यांच्या पासपोर्टावर माझ्या गेलेल्या विहिणीचं नाव, माझ्या पासपोर्टावर आमच्या मालकांचं. जावयानं पाठवलेल्या कागदावर ते त्याचे वडील आणि मी सासू. त्यानं त्या तरुण साहेबाला बोलावलं. तो माझ्याकडं बोट करून परत म्हणाला, "वाईफ?" व्याही म्हणाले, "यस, यस." आता त्यांच्या कपाळावर घाम होता. ते दोघं आपसात बोलले आणि आम्हाला एका खोलीत खुर्च्यांवर बसवलं. पासपोर्ट घेऊन गेले.

भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादहा. आमच्याकडचं नाही, तिथलं.

व्याही एक खुर्ची सोडून बसले. तासाभरानं त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. समोरच्या भिंतीला म्हणाले, "घोटभर घ्यावं म्हणावं."

मी भिंतीलाच म्हणाले, "नगं म्हणावं. लेकीकडं गेल्यावर."

"मशीनला काय झालं आसंल?"

 तिथं पुन्हा बोलायची वेळ होती. त्यांना सांगितलं असतं तर ते उठून कुणाचे तरी पाय धरून बोलले असते. मोडकं हिंदी त्यांना येत होतं, दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी हमाली केलेली. मी मनात शब्द लावून बघत होते. पाव्हणं, तुम्ही चुकून मला… पुढचा शब्द तोंडातून निघणारच नव्हता. मला वाटलं, साहेबालाच कळेल. कागद आहेत, शिकलेली माणसं आहेत. बारा दिवस आहेत. दोन तास गेले तर काय.

साडेअकरा झाले. बारा. खोलीत एसीचा गारठा होता. पिशवीतली दुपटी काढून पायावर घ्यावी असं वाटलं, पण ती बाळाची. मी ती बाहेर काढली नाही.

साडेबारा होऊन गेल्यावर एक अधिकारी बाई आली. वयानं माझ्याएवढी, थकलेली, हातात आमचे पासपोर्ट. ती चांगलं हिंदी बोलत होती. ती व्याह्यांशी बोललीच नाही, सरळ माझ्यापुढं खुर्ची ओढून बसली.

"अम्मा, सच बोलो. ये आदमी तुम्हारा कौन लगता है?"

व्याही पुढं झाले. "मैं बोलता, मैडम."

"आप नहीं. अम्मा बोलेगी."

मी खाली बघून म्हणाले, "मेरे लडकी का सासरा."

"तो फिर बीवी क्यों बताया?"

 व्याह्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं.

"मी? मी म्हणलो आसं?"

मी मान हलवली.

"इहीणबाई, तुमाला कळलं हुतं?"

मी परत मान हलवली. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कान लालभडक झाले होते. मग उठून त्या बाईपुढं हात जोडले. "मैडम, गलती हो गया. मैं यस बोला. सब को यस बोला. ये मेरे घर की लक्ष्मी की मां है. इनको मत रोको. इनकी बेटी पेट से है."

त्या बाईनं कपाळ दाबलं. हसली नाही, रागावलीही नाही. तिला असली माणसं रोज भेटत असावीत. म्हणाली, कागद मी नीट करते, पण डोळे मशीनमध्ये गेल्याशिवाय आत सोडता येत नाही. तेवढं करा.

परत त्याच मशीनपुढं. तिथं ओळ नव्हती आता. मी खांबापुढं उभी राहिले आणि मागून व्याह्यांचा आवाज आला.

"इहीणबाई, मी हितून बाजूला जातो. त्या भित्तीकडं त्वांड करून हुबा ऱ्हातो. पाठ तुमच्याकडं. तुमी पदर मागं घ्या आन् खुशाल बघा. म्या न्हाईच हितं."

मी वळून बघितलं. म्हातारा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा भिंतीकडं तोंड करून उभा. ते बघून मला हसू यावं की रडू, कळलं नाही. मी पदर मागं टाकला, पूर्ण खांद्यावर, आणि त्या काळ्या काचेत बघितलं. काचेत माझेच दोन डोळे होते. हिरवा दिवा लगेच लागला.

झडप बाजूला झाली. घड्याळात दोनला दहा कमी.

दाराबाहेर पुठ्ठे घेतलेली पुष्कळ माणसं होती. आमच्या नावाचा पुठ्ठा नव्हता. व्याह्यांनी खिशातला नंबर काढला, एका टॅक्सीवाल्यानं त्याच्या फोनवरून लावून दिला. पलीकडून जावई बोलत होता, मला लांबूनही ऐकू येत होतं.

लेकीला पहाटेपासून कळा येत होत्या. आम्ही दहापर्यंत बाहेर येऊ, मग मला घेऊनच दवाखान्यात जायचं, असं तिनं धरून ठेवलं होतं. जावई निघाला तेव्हाही ती घरीच थांबली, शेजारच्या बाईजवळ. अकराला शेजारणीचा फोन आला, की डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते, हातपाय सुजलेत. तो आम्हाला सोडून धावला. सीझर करावं लागलं. मुलगा झाला, एक वाजायच्या आत.

म्हणजे मी त्या बाईला सासरा म्हणून सांगत होते, त्याच सुमाराला.

दवाखान्यात लेक पांढरीफटक पडली होती. ओठ सुकलेले. मी तिच्या डोक्याशी जाऊन बसले, खांदे धरले. तिनं डोळे उघडले.

"आई, कुठं होतीस? मला आत नेताना मी सारखी इचारत हुते, आई आली का, आई आली का. तिथं कुणालाच मराठी येत नव्हतं."

मी तिचे खांदे तसेच धरून राहिले. दाराशी उभे असलेले व्याही पुढं आले. सुनेच्या खोलीत ते एरवी आले नसते.

"आगं पोरी, मशीन बंद पडलं," ते म्हणाले. "समदी लाईन थांबली. तुझी आई जीव टाकत हुती. कुनाचं काय चालतंय मशीनपुढं?"

जावई म्हणाला, "पण बाहेर बाकीची माणसं तर येत होती, दादा."

"ती दुसऱ्या मशीनची."

तो विषय तिथं संपला. बाळ रडलं, त्याच्याकडं सगळे बघायला लागले. मी तेव्हाच पहिल्यांदा पाणी प्याले.

दोन महिने राहिले. बाळाला न्हाऊ-माखू घातलं, लेकीला शेक दिला, लाडू खाऊ घातले. ती मला म्हणायची, "आई, किती करशील? बस जरा." मी बसत नव्हते. बसलं की ते घड्याळ दिसायचं. व्याही पंधरा दिवसांत परत गेले होते. जायच्या दिवशी त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि बाळाला सांगितलं, "तुझी आज्जी फार सोसती बरं का." माझ्याकडं बघितलं नाही. परत आमचं भिंतीला सांगणं सुरू झालं होतं.

परतताना मी एकटी होते. पुन्हा तसलंच मशीन. पदर मागं घेतला, मान वर केली, झडप लगेच उघडली. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मला काही सांगावंसुद्धा लागलं नाही. मी पलीकडं जाऊन जरा वेळ तिथंच उभी राहिले. मागची माणसं म्हणाली, चला, चला.

नंतर ही मंडळी देशात परत आली. नातू आता दुसरीत आहे, सुट्टीला आला की जुनी पुस्तकं-वह्या आमच्याच फळीवर ठेवून जातो. लग्नकार्यात, बारशाला कुठं बायका जमल्या की लेक ही गोष्ट सांगते. आता त्यात तिला हसूही येतं. खुटबावच्या पडवीत व्याही बसलेले असले तर ती म्हणायची, "व्हय का न्हाई हो मामंजी?" आणि व्याही म्हणायचे, "व्हय तर. बंदच पडलं हुतं." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून दुसरं काही निघालं नाही. आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेले. मालक जवळ होते. व्याह्यांनी हात जरा वर केला आणि आढ्याकडं बघून म्हणाले, "इहीणबाईंनी जेवून जावं म्हणावं." मी जेवले.

पहिल्यांदा चुकले ते व्याही. पण ते अजाणता. मी जाणून गप्प बसले, तीन तास, मर्यादेपायी. ज्या माणसाची मर्यादा राखली त्यानंच मग माझ्यासाठी जन्मभर खोटं सांगितलं. परवा लेकीनं माझ्याकडं बघितलं तेव्हा होकार द्यायला तेही नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती चार दिवस राहायला येणार आहे. लेकाची वही म्हणून ही हातात घेईल, पानं चाळेल. वही मी कणगीमागं ठेवणार होते. आता तसं करावंसं वाटत नाही. फळीवर, त्याच्या पुस्तकांतच ठेवते. तिनं वाचून विचारलं तर तिच्याकडं बघून सांगेन.